मोठं होण्याचा खर्च : व्यक्तिमत्त्व विकास आणि आपल्या अभिजात कादंबऱ्या

या मालेत एरवी जाणकार मंडळी बोलतात. आज आम्ही बोलणार आहोत. आम्ही म्हणजे सात जण, वय वर्षं २१ ते २७. कोणी स्पर्धा परीक्षेच्या तयारीत आहे, कोणी शाळेत शिकवतं, कोणी घरचा आंब्याचा धंदा बघतं, एक जण पुण्यातली नोकरी सोडून रत्नागिरीला परत आलाय. गेले दोन पावसाळे आम्ही मिळून कादंबऱ्या वाचतोय. आज बोलणारं तोंड एक असलं तरी टिपणं सातांची आहेत, म्हणून 'आम्ही' म्हणतोय.

विषय आहे व्यक्तिमत्त्व विकास. हा शब्द ऐकला की काय डोळ्यांसमोर येतं ते आम्हाला माहीत आहे. सुट्टीतली शिबिरं, पहाटे पाचला उठा, ध्येय वहीत लिहा, नकारात्मक माणसांपासून लांब राहा. एस. टी. स्टँडवरच्या स्टॉलवर अशी पुस्तकं मांडलेली असतात आणि ती खपतातही. त्यांची टिंगल करायला आम्ही इथे आलेलो नाही. त्यातल्या काही पुस्तकांनी आमच्यापैकी दोघांना वाईट दिवसांत उभं केलंय. पण त्या सगळ्या पुस्तकांत एक गोष्ट सारखी आहे. तिथे वाढणारा माणूस एकटा असतो. त्याचं ध्येय, त्याची शिस्त, त्याचं यश. त्याच्या शिक्षणासाठी कोणी दागिना मोडला का, तो शहरात गेल्यावर घरची कामं कोणाच्या अंगावर पडली, हे त्या पुस्तकांत येतच नाही. खर्चाचा रकाना कोरा.

आपल्या अभिजात कादंबऱ्यांत नेमका हाच रकाना भरलेला आहे, असं आमचं आजचं म्हणणं आहे. त्या माणूस कसा मोठा झाला ते सांगतात आणि त्याचा खर्च कोणी सोसला तेही सांगतात. काही लेखक हे जाणूनबुजून सांगतात. काहींच्या पुस्तकात ते लेखकाच्या नकळत उमटलंय. दोन्ही प्रकार आज बघू.

आणि हा प्रश्न रत्नागिरीत विचारायला एक कारण आहे. आपला जिल्हा पिढ्यान्‌पिढ्या मनीऑर्डरवर जगलाय. घरातला बाप्या मुंबईला गिरणीत, बाई इथे शेती, गुरं आणि सासूसासरे सांभाळतेय. १९८२ साली गिरण्यांचा संप झाला आणि त्या मनीऑर्डरी आटल्या. पण माणूस बाहेर जाऊन मोठा होणार आणि कोणीतरी मागे राहून ते निभावणार ही रीत काही आटली नाही. फक्त मुंबईच्या जोडीला पुणं आणि आखाती देश आले.

सुरुवात घरच्याच पुस्तकापासून करू. 'श्यामची आई'. साने गुरुजींचा जन्म १८९९ चा, गाव पालगड, आपल्याच जिल्ह्यातल्या दापोली तालुक्यातलं. पुस्तक त्यांनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलं आणि १९३५ साली ते छापून आलं. मोठा झालेला श्याम आश्रमातल्या सोबत्यांना रोज रात्री आईची एक आठवण सांगतो, अशा या ४२ रात्री आहेत.

आता गंमत बघा. हे पुस्तक महाराष्ट्रात प्रत्येकाला माहीत असतं, पण बहुतेकांना तुकड्यांत माहीत असतं. शाळेच्या पुस्तकातला एखादा धडा, वक्तृत्व स्पर्धेतला उतारा, अत्र्यांचा १९५३ चा चित्रपट. प्रत्येक तुकड्याखाली तात्पर्य. कळ्या तोडू नयेत. पोहायला भिऊ नये. आम्ही ते सलग, ४२ च्या ४२ रात्री वाचलं, तेव्हा तात्पर्यांच्या खालून एक वेगळंच पुस्तक वर आलं. ते एका घराच्या घसरणीचं पुस्तक आहे. कर्ज वाढत जातं. सावकाराचा माणूस दारात येऊन नको ते बोलतो. जमीन विकून कर्ज फेडा असं आई म्हणते, वडिलांना ते पटत नाही. पुढे घराच्या अब्रूचे धिंडवडे निघतात, आईचं आजारपण वाढतं. आणि या सगळ्यात श्यामचं शिक्षण चालू असतं. आई जाते तेव्हा तो दूर शिकायला असतो. तो पोचतो तेव्हा उशीर झालेला असतो.

'अळणी भाजी' ही रात्र घ्या. आई भाजीत मीठ घालायला विसरते. वडील काही न बोलता जेवतात, मुलंही तशीच. कोणी बोलत नाही, कारण करणाऱ्याचं मन दुखवायचं नाही. धडा संयमाचा आहे आणि चांगला आहे. पण गोष्ट चालते कशावर? आई सगळ्यांत शेवटी जेवायला बसते, यावर. ती सगळ्यांबरोबर पानावर बसली असती तर पहिल्याच घासाला तिला कळलं असतं, आणि मग ही गोष्टच घडली नसती. गुरुजी याबद्दल काही म्हणत नाहीत. त्या काळी ते इतकं नेहमीचं होतं की म्हणण्यासारखं त्यात काही नव्हतं. आमच्या गटातल्या चौघी मुलींना मात्र पहिल्यांदा तेच दिसलं. मुलांना ते दाखवावं लागलं, हेही इथे नोंदवतो.

आणि आजच्या विषयाला थेट भिडणारी एक रात्र आहे, तिचं नावच 'मोठा होण्यासाठी चोरी'. श्यामला पुस्तकं हवी आहेत. वाचल्याशिवाय मोठं होता येणार नाही, हे त्याच्या डोक्यात पक्कं बसलंय. म्हणून तो पैसे चोरतो. शेवटी आईसमोर ते कबूल करावं लागतं. व्यक्तिमत्त्व विकासाच्या कुठल्याही पुस्तकात न सापडणारी गोष्ट आहे ही. मोठं होण्याची ओढ खरी आहे, पुस्तकांचं प्रेम खरं आहे आणि तरीही त्याची किंमत दुसऱ्याच्या खिशातून गेलीय. श्यामकडे तेव्हा दुसरा मार्ग नव्हता, हे गुरुजी लपवत नाहीत. मार्ग नसला तरी खिसा दुसऱ्याचाच होता, हे आई लपवू देत नाही. उलट बाजूनं, तोच श्याम खाऊचे पैसे साठवून धाकट्या भावाला कोट शिवून नेतो. घेण्याचा आणि देण्याचा, असे दोन्ही हिशोब एकाच मुलाच्या हातून होतात.

पुस्तकात उणं काय, तेही सांगायला हवं. निवेदक फार लवकर गहिवरतो. प्रत्येक प्रसंगाचा अर्थ तोच सांगून टाकतो, त्यामुळे वाचकाला करायला फारसं काम उरत नाही. आणि आईला स्वतःसाठी रागवायची मुभा जवळजवळ नाही. ती रागावते ते मुलाच्या भल्यासाठी. तिला स्वतःला काय हवं होतं, हे ४२ रात्रींत आपल्याला नीटसं कळत नाही. आम्हाला ही पुस्तकाची मर्यादा वाटते. पण प्रसंग इतके खरे आहेत की निवेदकाच्या गहिवरापलीकडचंही त्यांतून दिसतं. अभिजात म्हणायचं ते यालाच. लेखकाला जेवढं सांगायचं होतं त्याहून जास्त पुस्तकाला माहीत असतं.

पालगड आणि मुर्डी ही एकाच तालुक्यातली गावं. मुर्डी हे श्री. ना. पेंडशांचं गाव, जन्म १९१३. पण दोघांच्या जगात केवढा फरक! 'गारंबीचा बापू' १९५२ सालचा. बापू म्हणजे श्यामच्या अगदी उलट टोक. गावाला न जुमानणारा, रावजीच्या हॉटेलातल्या राधेवर जीव लावणारा आणि ते लपवून न ठेवणारा, पुढे सुपारीच्या धंद्यात वर येणारा. विशीत ही कादंबरी हातात आली की माणूस बापूच होतो. गाव सोडून न जाता गावाशी भांडून मोठं होता येतं, हे आमच्यासारख्यांना कोण सांगतं? सगळे सांगतात की बॅग भर आणि निघ.

पण इथेही रकाना बघू. बापूचं बंड गावाला दिसतं, कारण बापू पुरुष आहे आणि पुढे पैसेवालाही होतो. पैसा आल्यावर बापूकडे बघायची गावाची नजर तशीच राहत नाही. राधेचं काय? तिच्यावर बसलेला शिक्का कुठल्याही सुपारीच्या भावानं पुसला जाणारा नाही. बापूच्या धाडसातला मोठा वाटा तिनं उचललेला आहे. कादंबरीचा तोल मात्र बापूकडे झुकलेला आहे आणि बापूच्या यशाचा भाग आम्हाला जरा सोपा वाटला. आम्हाला यातलं महत्त्वाचं वाटलं ते हे की पेंडशांनाही ही माणसं पुरती सोडून गेली नव्हती. पुढे कैक वर्षांनी त्यांनी 'गारंबीची राधा' लिहिली. लेखकालाही परत जावंसं वाटलं आणि या खेपेला त्यानं नाव राधेचं दिलं.

त्याआधी १९६२ साली पेंडशांनीच 'रथचक्र' लिहिली, तिला साहित्य अकादमीचा पुरस्कारही मिळाला. आमच्या मते खर्चाचा रकाना मराठीत इतक्या निर्दयपणे क्वचितच कोणी मांडला असेल. नायिकेला नावच नाही, ती नुसती 'ती' आहे. नवरा घर सोडून गेलेला. एकत्र कुटुंबात तिची आणि मुलांची परवड. मुलाला शिकवायचं, एवढ्या एका गोष्टीसाठी ती घराबाहेर पडते. शेवट इथे सांगत नाही, ज्यांनी वाचली नाही त्यांनी वाचावी. एवढंच सांगतो की मुलाचं शिकणं पुढे सरकतं तसतशी आई झिजते, आणि कादंबरी त्यावर अश्रू ढाळत नाही. 'श्यामची आई' आणि 'रथचक्र' पाठोपाठ वाचा. पहिल्यात मुलगा आईबद्दल बोलतो. दुसरीत आपण आईच्या बाजूला जाऊन उभे राहतो. तिथून मुलाची प्रगती वेगळी दिसते. ती वाईट दिसत नाही, पण महाग दिसते.

इथवर आल्यावर आमच्या गटातल्या एकीनं एक आक्षेप घेतला आणि तो रास्त होता. ती म्हणाली, तुम्ही सगळे मुलग्यांच्या वाढीचं बोलताय. मुलगा वाढतो आणि बाई किंमत देते. पण बाईच वाढायला निघाली तर? तेव्हा आम्ही हरिभाऊ आपट्यांकडे गेलो. 'पण लक्षात कोण घेतो' आधी 'करमणूक' साप्ताहिकातून क्रमशः आली आणि १८९३ साली पुस्तकरूपानं. यमू स्वतःची कहाणी स्वतः सांगते. तिचा नवरा तिला शिकवतो, मुंबईत मोकळ्या हवेचे थोडे दिवस तिच्या वाट्याला येतात, वाचणं ही तिच्या आयुष्यातली मोठी गोष्ट होते. मग तो जातो आणि घरचे लोक जबरदस्तीनं तिचं केशवपन करतात. यमूच्या वाढीचा खर्च दुसऱ्या कोणी दिलेला नाही. तिचा तिनंच दिलाय, आणि वर शिक्षा भोगलीय. म्हणजे बघा, श्याम वाचतो तेव्हा घर त्यासाठी पोटाला चिमटा घेतं. यमू वाचते तेव्हा घर तिच्यावर डूख धरतं. एकाच समाजातली ही दोन वाचनं आहेत. 'वाचाल तर वाचाल' असं भिंतीवर रंगवताना कोणाच्या वाचनाबद्दल बोलतोय, हे विचारायला हवं.

आमच्या पिढीला सगळ्यांत जवळची वाटते ती अर्थात 'कोसला'. १९६३ साल, नेमाडे तेव्हा पंचविशीचे होते आणि गोष्ट सांगणारा पांडुरंग सांगवीकरही पंचविशीतला. खानदेशातल्या सांगवीचा मुलगा पुण्याला शिकायला येतो, होस्टेल, मेस, गॅदरिंग, सिगारेटी, उधाऱ्या आणि शेवटी अपयश पदरात घेऊन गावाकडे परत. वाढीच्या गोष्टींत नायक शेवटी काहीतरी होतो. पांडुरंग काही होत नाही. आमच्यातला पुण्याहून परत आलेला मित्र म्हणाला की हे पुस्तक वाचताना त्याला कुठल्याही सल्ल्यापेक्षा जास्त आधार वाटला, कारण इथे कोणी त्याला समजावत नव्हतं.

'कोसला' बहुतेकदा तरुणाच्या एकटेपणाची कादंबरी म्हणून वाचली जाते. ती तशी आहेच. पण तिच्यातही रकाना भरलेला आहे. पांडुरंग पुण्यात जो पैसा उडवतो तो वडिलांचा आहे, आणि हे त्याला पानोपानी ठाऊक असतं. त्याचं वडिलांशी भांडण खरं आहे, त्यांच्यावर अवलंबून असणंही तितकंच खरं आहे. आणि धाकटी बहीण मनी देवीच्या साथीत जाते, तेव्हा त्या चेष्टेखोर भाषेचा आधारच निघून जातो. सगळ्या जगाची थट्टा करणाऱ्या माणसाला एका लहान मुलीच्या मरणाची थट्टा करता येत नाही. पांडुरंग कुठे मोठा झाला असेल तर तो तिथे, असं आम्हाला वाटतं. पुण्यात नाही.

हे दुखणं आपल्याकडचंच आहे असं नाही. डिकन्सची 'ग्रेट एक्स्पेक्टेशन्स' १८६० आणि ६१ साली क्रमशः छापून आली. पिप हा लोहाराच्या घरात वाढलेला पोरका मुलगा. त्याला अचानक कुठूनतरी पैसा मिळू लागतो आणि तो लंडनला जाऊन साहेब होतो. हा पैसा एका श्रीमंत बाईचा आहे असं तो धरून चालतो. प्रत्यक्षात तो एका कैद्याचा निघतो. लहानपणी पिपनं त्याला खाणं दिलेलं असतं, आणि त्यानं ऑस्ट्रेलियात राबून ते पैसे कमावलेले असतात. दरम्यान पिपला वाढवणारा जो लोहार लंडनला भेटायला येतो, तेव्हा पिपला त्याची लाज वाटते. मुंबईच्या खोलीवर गावचा माणूस काजूची पिशवी घेऊन आल्यावर कोणाकोणाचे चेहरे कसे होतात, ते आठवा म्हणजे प्रसंग कळेल. शेवटी पिपचं कर्ज फेडतो तो हाच जो. फेडतो आणि न बोलता निघून जातो.

आता खरा अडचणीचा प्रश्न. हे सगळं वाचून तरुण मुलानं करायचं काय? अपराधी वाटून घ्यायचं? घरच्यांनी केलं म्हणून त्यांचं सगळं ऐकायचं, त्यांनी सांगितलेली नोकरी, त्यांनी ठरवलेलं लग्न? 'श्यामची आई' अनेक घरांत याच कामासाठी वापरली जाते, हे आम्ही सगळ्यांनी अनुभवलंय. आईनं तुझ्यासाठी किती केलं बघ, आणि तू? पुस्तकाची काठी करून ती मुलाच्या पाठीत घालायची.

हा वापर आम्हाला मान्य नाही आणि या कादंबऱ्याही त्याला साथ देत नाहीत. जो लोहार पिपकडे काही मागत नाही. 'रथचक्र'मधल्या तिनं जे दिलं, त्याची परतफेड आज्ञाधारकपणानं होण्यासारखीच नाही. बापू आज्ञाधारक असता तर कादंबरी झाली नसती. आणि यमूनं घरच्यांचं ऐकायचं म्हणजे तर पुस्तकच मिटायचं. हिशोब माहीत असणं आणि हिशोबाच्या ओझ्याखाली वाकणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्या वाढीत ज्यांचा वाटा गेला, ती माणसं आपल्या गोष्टीतली दुय्यम पात्रं नव्हती, त्यांची स्वतःची गोष्ट चालू होती, एवढं दिसणं हाच आम्हाला विकास वाटतो. आणि ही नजर उपदेशानं येत नाही. कादंबरी वाचताना आपण दहा माणसांच्या जागी उभे राहतो, तेव्हा तिचा सराव होतो.

म्हणून पुन्हा वाचण्याला आम्ही महत्त्व देतो. एखादं पुस्तक दहाव्या वर्षी वाचलं तेव्हा आपण कोणाच्या बाजूला होतो आणि विशीत कोणाच्या, हे स्वतःला विचारून बघा. दहाव्या वर्षी आपण श्याम असतो. विशीत आईकडे लक्ष जातं. आमच्यातल्या एकाला तर या वेळी श्यामच्या वडिलांनी गाठलं. पिढ्यांची जमीन विकायला तयार न होणारा, घर बुडताना बघणारा माणूस. त्याच्या स्वतःच्या घरी आंब्याची बाग विकण्यावरून तेव्हा बोलणी चालू होती. त्यानं वडिलांना काही सुनावलं नाही, मिठीही मारली नाही. एवढंच विचारलं की तुम्हाला ती बाग कशासाठी ठेवायचीय. वडील अर्धा तास बोलले. बाग विकायची की ठेवायची ते अजून ठरलेलं नाही.

दुसरी एक जण. तिचा भाऊ बारावीनंतर थांबला आणि बोटीवर जाऊ लागला, म्हणून ती शिकू शकली. घरात हे सगळ्यांना माहीत आहे, पण कोणी कधी बोललेलं नाही. 'रथचक्र' संपल्यावर तिनं ते पुस्तक त्याला दिलं. त्यानं वाचलं नाही. म्हणाला, मला वेळ नाही, तूच सांग काय आहे त्यात. तिनं सांगितलं. पुस्तकानं घर बदललं असं आम्ही म्हणणार नाही. पण जी गोष्ट कोणी उच्चारत नव्हतं, ती एका परक्या बाईच्या निमित्तानं त्या घरात उच्चारली गेली.

एवढंच आमचं म्हणणं. रत्नागिरीचं नगर वाचनालय १८२८ चं आहे. जवळजवळ दोनशे वर्षं या गावात पुस्तकं घरी नेण्याची सोय आहे, तेव्हा ही पुस्तकं मिळत नाहीत असं कोणी म्हणू नये. सुरुवात करायची असेल तर 'श्यामची आई' तुकड्यांत नको, सलग वाचा, आणि लगेच 'रथचक्र' घ्या. मुलींनी यमूपासून सुरुवात केली तरी हरकत नाही, मुलांनी तर जरूर करावी. वाचताना नायक काय झाला हे बघाच, पण सोबत एक साधा प्रश्न ठेवा : याचं खर्चाचं कोणी बघितलं?

आमचं बोलून झालं. आता तुम्ही बोला. जे आमच्याशी सहमत नाहीत त्यांनी आधी हात वर करावेत.